ज्ञानदा: आवडलेलं आणि अडलेलं नाव

नाव घरात सगळ्यांना आवडलं होतं. आईला, वडिलांना, आजीला तर फारच. तरी बारावा दिवस हुकला, सव्वा महिना होत आला आणि पाळण्यातली मुलगी अजून ‘बाळ’च होती. घोडं अडलं होतं ते इंग्रजीत लिहायचं कसं, यावर. ‘ज्ञानदा’ला मराठीत तीन अक्षरं लागतात. रोमन लिपीत त्याच तीन अक्षरांच्या निदान पाच तऱ्हा होतात, आणि प्रत्येक तऱ्हेला वाचणारा आपापल्या परीनं चुकतो.

खालचं कुटुंब नमुन्यादाखल उभं केलेलं आहे. ज्ञ, ऋ, ळ असल्या अक्षरांचं नाव मनापासून आवडतं पण ठेवायला हात धजत नाही, अशा घरांत उठणारे प्रश्न इथे एकाच घरात आणून ठेवले आहेत. अक्षरं, स्पेलिंगं, नियम आणि मुदती मात्र खऱ्या.

घरातली माणसं

मुलगी २०२५ च्या श्रावणात पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत जन्मली. आईचं माहेर नेवाशाजवळचं. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० ला, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते हे नेवासे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असं मानतात तो ‘पैस’ खांब तिथल्या मंदिरात आजही आहे. माहेरी रोज पोथी उघडायची. ‘ज्ञ’ आईच्या कानात लहानपणापासून बसलेला.

वडील हिंजवडीत नोकरीला. टीममधले निम्मे गुरुग्रामचे, निम्मे हैदराबादचे. दोन वर्षांसाठी टोरांटोला जावं लागण्याची शक्यता डोक्यावर. त्यांचं स्वतःचं नाव हृषीकेश. दहावीच्या प्रमाणपत्रावर एच-आर-यू, पॅन कार्डावर एच-आर-आय. गृहकर्जाला आणि पासपोर्टला ‘ही दोन्ही नावं एकाच इसमाची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र त्यांनी करून दिलेलं. (प्रतिज्ञापत्रातही ज्ञ आहेच, पण त्याचं स्पेलिंग कुणी विचारत नाही.) ‘ज्ञानदा’ला त्यांचा विरोध नव्हता. आपण जे भोगलं ते पोरीच्या वाट्याला आपल्याच हातानं द्यायचं का, एवढंच त्यांना खात होतं.

आत्याच्या मोबाईलमध्ये यादी तयार: आर्वी, आद्या, अन्वी, आरोही, मायरा, कियारा. “वहिनी, नाव छानच आहे गं, पण पोरीला आयुष्यभर स्पेलिंग सांगत बसावं लागेल.” आजोबांचा प्रश्न वेगळाच, पंचांगाचा. त्याकडे पुढे येऊ.

आवडलंय ते नेमकं काय?

अशा प्रकरणात स्पेलिंगवर भांडण्याआधी एक काम उरकून घ्यावं. नाव आवडलं म्हणजे त्यातलं काय आवडलं, ते सुटं करून पाहावं. ‘ज्ञानदा’त चार धागे आहेत आणि प्रत्येक धाग्याला कमी त्रासाचा पर्याय आहे.

ओढ ज्ञानेश्वरांची असेल तर ‘मुक्ता’ घ्यावं. भावंडांतली सगळ्यात धाकटी, ताटीच्या अभंगांची कर्ती. रोमनमध्ये पाच अक्षरं, गुरुग्राम आणि हैदराबादेत एकसारखीच वाचली जातात. टोरांटोत फार तर ‘मक्टा’ होईल. ओढ अर्थाची असेल तर मेधा आहे, विद्या आहे. शेवटच्या ‘दा’ची असेल, म्हणजे ‘देणारी’ हा भाव हवा असेल, तर वरदा, सुखदा, मोक्षदा. नर्मदाही त्याच साच्यातली. आणि ओढ ‘ज्ञ’ या अक्षराचीच असेल तर प्रज्ञा, अनुज्ञा. तिथे ज्ञ मध्ये किंवा शेवटी येतो. आधीचा स्वर जिभेला आधार देतो, त्यामुळे परक्यालाही ते निदान सुरू तरी करता येतं.

आईसमोर हे पर्याय एकेक करून ठेवले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: यात काय कमी वाटतं? मुक्ताला ती बराच वेळ थांबली. प्रज्ञाला म्हणाली, “ज्ञ शेवटी नको, आधी हवा.” म्हणजे पर्याय शोधण्यात आता अर्थ नव्हता. तिला अंकलिपीतलं ते शेवटचं अक्षर मुलीच्या नावात पहिलं हवं होतं. मुक्ता राखीव म्हणून कागदाच्या कोपऱ्यात राहिलं आणि चर्चा नाव बदलायची न उरता खर्च मोजायची झाली. बहुतेक घरं इथेच महिना घालवतात, कारण एक जण अर्थावर बोलत असतो आणि दुसरा आवाजावर.

अडचण एका अक्षराची

ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. संगणकातही तो एक वर्ण नाही; ज, पाय मोडल्याची खूण आणि ञ असे तीन संकेत मिळून तो बनतो. आता हा ‘ज्+ञ’ जसाच्या तसा रोजच्या बोलण्यात जवळपास कुठेच ऐकू येत नाही. मराठीत आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीत ‘ग्य’, गुजरातीत ‘ग्न’, तेलुगूतही ‘ग्न’च्या आसपास, मल्याळमात तो ‘ञ’कडे झुकतो. शुद्धतेचा दावा अर्थात सगळेच करतात.

स्पेलिंगं या उच्चारांच्या मागून आली. मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाला जी-वाय, दक्षिणेत जी-एन दिसतं, संस्कृतच्या वळणानं जाणारे जे-एन लिहितात. ज्ञानपीठ पुरस्काराचं अधिकृत स्पेलिंग जे-एननं सुरू होतं. पुण्यात सदाशिव पेठेतली, १९६२ पासूनची ज्ञान प्रबोधिनी इंग्रजीत जे-एनच लिहिते, तर म्हापशाच्या ज्ञानप्रसारक मंडळाच्या पाटीवर डी-एन-वाय. मुंबईहून सुटणाऱ्या ज्ञानेश्वरी एक्स्प्रेसची बातमी इंग्रजी वर्तमानपत्रांत कुठे जे-एननं येते, कुठे जी-वायनं. खुद्द माउलींच्या नावावर देशाचं एकमत नाही, तिथे पिंपरीतल्या एका बाळाचं काय घेऊन बसलात.

याच घरात एक गैरसमज होता, तो मोडायला हवा. ‘जी-वाय म्हणजे हिंदी, आपलं नव्हे’ असं आजी म्हणाल्या. पण वारीच्या वाटेवर दिंडीत कान दिला तर ‘ग्यानबा-तुकाराम’ ऐकू येतं, ‘ज्ञानबा’ असं ठाशीव क्वचितच. ‘ग्य’ हा अस्सल मराठी मुलखातलाही उच्चार आहे. त्यामुळे जी-वाय नाकारायचं असेल तर ‘ते हिंदी आहे’ हे कारण पुरत नाही. दुसरं कारण लागेल, आणि ते पुढे सापडलं.

पाच चिठ्ठ्या

पाच स्पेलिंगं कागदावर आली. एकेकाचा स्वभाव पाहू.

डी-एन-वाय-ए-एन-ए-डी-ए. महाराष्ट्रात आणि गोव्यात वाचणाऱ्याला क्षणभरही थांबावं लागत नाही. वृत्तनिवेदिका ज्ञानदा कदम आणि अभिनेत्री ज्ञानदा रामतीर्थकर यांच्यामुळे नाव टीव्हीवरून घराघरात गेलेलं आहे. महाराष्ट्राबाहेर मात्र ‘डी’नंतर ‘एन’ पाहून डोळा अडखळतो. हिंदीभाषक बहुतेकदा ते ‘ध्यान’ असं समजून घेतो आणि ‘ध्यानदा’ म्हणतो. इंग्रजी वळणाचा माणूस डी सुटा करून ‘डी-न्यानाडा’ म्हणतो.

जी-वाय-ए-एन-ए-डी-ए. कुणीही वाचू शकतो. ‘ग्यानदा’ वाचतो.

जे-एन-ए-एन-ए-डी-ए. दिसायला विद्वान. संस्कृत शिकलेला माणूस ओळखतो, बाकीचे ‘जनानदा’ करतात. त्यात ‘जनाना’ ऐकू येतो, एवढ्यानेच हे स्पेलिंग बाद झालं.

जी-एन-ए-एन-ए-डी-ए. हैदराबादेत चालेल. इंग्रजीत मात्र शब्दाच्या सुरुवातीला जी-एन आलं की जी मुका होतो, म्हणून उरतं ‘नानाडा’. घाईत म्हटलं तर मराठी कानाला त्यात नणंद ऐकू येते. आत्याला हे सांगितल्यावर तिनं हे स्पेलिंग उचलून धरलं, पण तो मतदानाचा भाग धरलेला नाही.

एन-वाय-ए-एन-ए-डी-ए. परदेशी माणसाच्या तोंडून मराठी उच्चाराच्या सगळ्यांत जवळ जाणारं हेच, कारण आपल्या ‘द्न्य’मधला द तसाही पुसटच असतो. तोटा उलट्या दिशेनं होतो: हे स्पेलिंग पाहून यंत्र किंवा कारकून देवनागरीत ‘न्यानदा’ लिहितो आणि ‘ज्ञान’शी नातंच तुटतं.

एक सहावी तऱ्हाही वडिलांनी सुचवली, मधला ‘ए’ गाळून. तर्क बरोबर होता, कारण बोलताना आपण ‘ज्ञान्‌दा’च म्हणतो. पण मधला ए गेला की नाव ‘ज्ञान’ आणि ‘दा’ असं फोडून दिसत नाही. शिवाय त्या ‘ए’चा एक अनपेक्षित फायदा निघाला. डी-एन-वायच्या स्पेलिंगमधली शेवटची पाच अक्षरं आणि ‘कॅनडा’च्या स्पेलिंगमधली शेवटची पाच अक्षरं हुबेहूब तीच आहेत: ए-एन-ए-डी-ए. टोरांटोत सुरुवात काहीही होवो, शेवट कुणाचा चुकणार नाही. शाळेत चिडवायला यमकही तयार मिळेल, हे त्याच पाच अक्षरांचं व्याज.

चाचणी कशी घ्यावी

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या पाच चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येकीवर एक स्पेलिंग, मोठ्या लिपीतल्या अक्षरांत. प्रत्येक चिठ्ठीला तीन-चार वाचक मिळतील एवढी माणसं गाठायची. त्यात मराठी, हिंदीभाषक, दक्षिणेतले आणि परदेशात वाढलेले असे मिसळलेले हवेत. सोसायटी, ऑफिस आणि एखादा व्हिडिओ कॉल एवढ्यात जमतं. नियम दोनच. आधी नाव उच्चारायचं नाही, आणि एका माणसाला एकच चिठ्ठी दाखवायची. दुसरी चिठ्ठी दिसली की त्याला उत्तर कळलेलं असतं आणि पुढचं वाचन फुकट जातं. पहिला उच्चार मोबाईलवर टेपून घ्यायचा. माणूस अडखळून ‘हे कसं म्हणायचं?’ विचारतो, तोही निकालच, तो लिहून ठेवायचा.

याहून महत्त्वाची चाचणी उलटी आहे. फोनवर नाव सांगायचं आणि समोरच्याला ते टाइप करून पाठवायला सांगायचं. कारण जन्मभर मुलीचं नाव वाचलं जाईल त्याहून जास्त वेळा ऐकून लिहिलं जाणार आहे: दवाखान्यात, कुरियरवाल्याकडे, स्नेहसंमेलनाच्या प्रमाणपत्रावर. इथे मराठी माणसंही चुकतात. सर्रास होणारी चूक म्हणजे एन गाळून डी-वाय लिहिणं. त्याखालोखाल एन आणि वाय यांची अदलाबदल. हिंदीभाषक ऐकून डी-एच लिहितो, म्हणजे पुन्हा ‘ध्यान’.

दोन्ही चाचण्या केल्यावर वडिलांच्या हातात जे आलं ते त्यांना अपेक्षित नव्हतं. जी-वायनं परक्यांचं वाचन सोपं होत होतं, पण बरोबर होत नव्हतं. ते ‘ग्यानदा’ म्हणणार, आणि घरात हवा होता तो ‘द्न्य’. उलट जी-वाय पाहून मराठी माणूसही ‘ग्यानदा’ वाचू लागला. म्हणजे ज्यांच्या तोंडून नाव बरोबर आलं असतं नेमका त्यांचाच उच्चार हे स्पेलिंग बिघडवत होतं. परक्यांची चूक तशीच राहणार आणि घरच्यांची नवी सुरू होणार. आजींचं कारण चुकीचं होतं, निष्कर्ष बरोबर निघाला.

मग प्रश्न उरला मुलगी वाढणार कुठे याचा. पहिली पंधरा-सोळा वर्षं पुण्यात जाण्याची शक्यता मोठी. टोरांटो झालंच तर दोन वर्षांचं, तेही ती शाळेत रुळण्याआधी. स्पेलिंग निवडताना मुलीचं लहानपण ज्या गावात जाईल ते गाव धरावं. वडिलांची पुढची बदली धरून निवडलेलं स्पेलिंग बदली रद्द झाली तरी तसंच उरतं. कुटुंब कायमचं बाहेर राहणार असतं तर सल्ला उलटा दिला असता: कागदावर मुक्ता, आणि ज्ञानदा पाळण्यातलं नाव.

बाकीचे आक्षेप

आजोबांचा प्रश्न होता, चरणाक्षर, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणारं नावाचं पहिलं अक्षर, ‘जा’ आहे, ‘ज्ञा’ चालेल का? मुलीचं नक्षत्र उत्तराषाढा, त्याची अक्षरं भे, भो, जा, जी. जोडाक्षरात पहिलं व्यंजन धरायची रीत आहे आणि ज्ञ मुळात ज्+ञ, त्यामुळे ‘ज्ञा’ हा ‘जा’मध्ये बसतो; रास मकरच राहते. उच्चार ‘द’सारखा म्हणून कुणी ‘द’ची रास काढायला गेलं तर चूक. तसंही चरणाक्षरांत ङ, ण, ञ आहेत आणि त्यावरून नाव कुणी ठेवत नाही, तिथे गुरुजी जवळचं अक्षर सुचवतातच. आजोबांचं दोन मिनिटांत समाधान झालं. घरातला सगळ्यांत मोठा अडथळा ठरेल असं वाटलेला मुद्दा सगळ्यांत आधी सुटला.

अर्थाचं ओझं हा आक्षेप शेजारून आला. ज्ञानदा नाव आणि गणितात पस्तीस, मग लोक म्हणणार, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. हे खरं आहे, पण ते विद्या, मेधा, सुशीला सगळ्यांनाच लागू. त्यासाठी नाव सोडू नये.

आडनाव मात्र जोडून म्हणून पाहावं, आणि भराभर म्हणून पाहावं. दाते, दातार, दामले, दांडेकर अशी ‘दा’ची आडनावं असतील तर ज्ञानदाचा शेवट आणि आडनावाची सुरुवात चिकटते: ‘ज्ञानदादामले’. वर्गात हजेरीला ‘ज्ञान दादा’ व्हायला एक आठवडा पुरतो. अशा घरात हे नाव न ठेवलेलं बरं. इतकं स्पष्ट सांगण्यासारखं या प्रकरणात दुसरं काही नाही. या कुटुंबाचं आडनाव ‘दा’चं नव्हतं.

राहिला तो मुलीचा स्वतःचा उच्चार. दोन-अडीच वर्षांच्या जिभेला द् आणि न्य एका दमात जमत नाहीत. ती स्वतःला ‘नानदा’ किंवा नुसतं ‘दा’ म्हणेल, आणि पाहुणे ते ऐकून तिला तेच म्हणू लागतील. म्हणून हाकेचं नाव आधीच ठरवून टाकावं, नाहीतर ते आपोआप पडतं आणि पुसलं जात नाही. आजींनी ‘माउली’वरून ‘माऊ’ काढलं. त्यावर चर्चाच झाली नाही.

कागद

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांत निबंधकाकडे जावी लागते. रुग्णालयात जन्म झाला तर ते काम रुग्णालयाचं. फॉर्मवर बाळाच्या नावाचा रकाना असतो आणि डिस्चार्जच्या गडबडीत काउंटरवरून विचारणा होते, “नाव काय टाकू?” पुढे निघणाऱ्या कितीतरी चुकांचं मूळ या एका प्रश्नात असतं. थकलेली माणसं तोंडी नाव सांगतात, समोरचा ऐकून स्पेलिंग करतो.

तो रकाना कोरा ठेवता येतो. कायद्याच्या कलम १४ मध्ये बिननावाची नोंद आणि मागाहून नाव घालणं याची सोय आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव दिलं तर शुल्क नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. मात्र बिननावाचा दाखला पुढे आधारला, पासपोर्टला अडतो. म्हणून घाईनं चुकीचं नाव घालण्यापेक्षा दोन-तीन महिने कोरं ठेवणं शहाणपणाचं, वर्षभर ढकलत नेणं नव्हे.

पूर्वीच्या पिढीला चूक सावरायला जागा होती. हृषीकेशरावांच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र यांपैकी काहीही जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्या तारखेला किंवा पुढे जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, आधार, पासपोर्ट यांना जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच. त्यावरचं स्पेलिंग पुढच्या प्रत्येक कागदात उतरणार.

महाराष्ट्रातला दाखला मराठी आणि इंग्रजी असा दुहेरी असतो. दोन्ही नावं तपासावीत. एक बरोबर म्हणजे दुसरं बरोबर असं होत नाही. इंग्रजी नाव भरल्यावर मराठी आपोआप उमटवणाऱ्या सगळ्याच प्रणालींत डी-एन-वायचं ‘द्न्यानदा’ किंवा ‘डन्यानदा’ होऊ शकतं. कित्येक ज्ञानेश्वर मतदारयादीत याच वाटेनं ‘द्न्यानेश्वर’ झाले आहेत.

नोंदीत चूक राहिली तर कलम १५ प्रमाणे निबंधक ती दुरुस्त करतो, पण मूळ नोंद खोडली जात नाही. दुरुस्ती समासात चढते. चूक सिद्ध व्हावी लागते. ‘आता आम्हाला दुसरं स्पेलिंग आवडलं’ ही चूक धरली जात नाही, त्यासाठी राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याचा लांबचा रस्ता आहे. आधारवरही नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

लांबीचा हिशेब वडिलांनी स्वतः केला, सवयीनं. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि इतर शासकीय कागदांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. समजा हे सगळंच पासपोर्टवर गेलं. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. पहिलीत पाच जागा कागदाचा प्रकार आणि देश यांना जातात, नावाला उरतात ३९. आठ अक्षरी आडनाव, नावं वेगळी दाखवणाऱ्या दोन खुणा, आठ अक्षरांची ज्ञानदा, एक खूण, सात अक्षरांचं आईचं नाव, एक खूण, दहा अक्षरांचे हृषीकेश: एकूण ३७. बसलं, पण दोनच जागा शिल्लक. आडनाव ‘कर’ लागून अकरा अक्षरी झालं की शेपूट कापली जाते. म्हणून रोमनमध्ये शेवटी दोन ए किंवा एक एच चिकटवायचा मोह, अंकशास्त्रवाल्यानं सांगितला तरी, टाळावा.

ठरलं ते, आणि नंतर झालं ते

नाव ज्ञानदा. रोमनमध्ये डी-एन-वाय-ए-एन-ए-डी-ए, एकही अक्षर कमीजास्त नाही. बारसं सव्वा महिन्याचं झालं. पाळण्याभोवती ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं, आत्यानं कानात कुर्रर्र केलं आणि पाठीत धपाटे खाल्ले. केकवरच्या नावात एन नव्हता. नाव फोनवर सांगितलं होतं. असल्या गोष्टी लिहूनच पाठवाव्यात, आणि लिहिलेलंही कॉपी करून चिकटवायला सांगावं.

नावाचा अर्ज दोन्ही लिप्यांत, टाइप करून दिला. हातानं लिहिलेला ‘ज्ञ’ घाईत ‘त्र’सारखा वाचला जातो. इंग्रजी नाव सुट्या चौकटींत, एका चौकटीत एक अक्षर. दाखला छापण्याआधी पडद्यावरचा मसुदा पाहू द्या, अशी विनंती केली. मसुद्यात इंग्रजी बिनचूक होतं. मराठीत ‘द्न्यानदा’ आलं होतं. तिथल्या तिथे बदलून घेतलं, पाच मिनिटं लागली. छापल्यावर लक्षात आलं असतं तर समासातल्या दुरुस्तीसाठी अर्ज, पुरावे आणि निदान दोन खेपा.

दाखल्याच्या प्रती निघाल्यावर वडिलांनी एक साधा संदेश मोबाईलमध्ये जपून ठेवला: मराठीत नाव, इंग्रजीत नाव, जन्मतारीख. कुणीही नाव विचारलं की तोंडी न सांगता तोच पुढे पाठवायचा. बालआधार त्यावरूनच झालं आणि दोन्ही लिप्यांत बरोबर आलं. फोनवर सांगायची वेळ आलीच तर ठरलेलं वाक्य: “डी दिल्लीचा, एन नाशिकचा, वाय यवतमाळचा, पुढे ए-एन-ए-डी-ए.” यवतमाळचं स्पेलिंग वायनं सुरू होतं हे महाराष्ट्राबाहेर प्रत्येकाला ठाऊक नसतं, त्यामुळे तिथे ‘वाय योगाचा’.

चौदाव्या आठवड्याच्या लसीला खासगी दवाखान्यात केरळची परिचारिका होती. तिनं नाव ऐकलं, मान डोलावली आणि न विचारता फाइलवर इंग्रजीत लिहून टाकलं: एन-जे-ए-एन-ए-डी-ए. मल्याळी माणूस ‘ञ’ रोमनमध्ये एन-जेनं लिहितो. तिच्या हिशेबानं स्पेलिंग चोख होतं, आणि उच्चार तर तिनं त्या सकाळी दवाखान्यातल्या कुणाहीपेक्षा नीट केला. पाच चिठ्ठ्यांत ही तऱ्हा नव्हती. लसीकरणाचे कागद शाळाप्रवेशाला मागतात, त्यामुळे आईनं दाखल्याची प्रत पुढे केली. तिनं खाली डी-एन-वायचं नाव लिहिलं, डॉक्टरांची सही घेतली. वरचं खोडलं नाही.